बुधाजी मुकादमाची फुली

बुधाजीनं हातोडी मारली, मान तिरकी केली आणि वाट पाहिली. पुन्हा मारली. मग पुढच्या रिव्हेटवर गेला. सकाळपासून त्यानं शंभरावर रिव्हेटं ठोकून पाहिली होती आणि खिशातला खडू अजून खिशातच होता.

"एक बी नाय, दादा?" मागे उभ्या असलेल्या रामदासनं अगदी कानाशी येऊन विचारलं.

बुधाजीनं नकारार्थी मान हलवली. रामदास हसला, भिवाकडे बघून त्यानं डोळा मिचकावला आणि आपल्या भट्टीकडे गेला. त्यात हसण्यासारखं काय होतं ते बुधाजीला कळलं नाही. हल्ली त्याला बऱ्याच गोष्टी कळेनाशा झाल्या होत्या.

माझगावच्या त्या गोदीत जहाज पाण्याबाहेर काढून त्याचे पत्रे बदलत. दोन पत्रे एकमेकांना रिव्हेटनं जोडायचे. रामदास भट्टीत रिव्हेट लालभडक करून द्यायचा, जहाजाच्या पोटात बसलेला ऑस्वाल्ड ते भोकातून घालून मागून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि भिवा बाहेरून हवेच्या गननं त्याचं तोंड चेपायचा. तिघांचं काम झालं की मुकादम बुधाजी पुढे व्हायचा. लहान हातोडीनं एकेक रिव्हेट ठोकायचा. टणकन वाजलं तर पक्कं. मातीच्या मडक्यासारखं बद्द वाजलं तर ढिलं. ढिल्या रिव्हेटवर खडूनं फुली पडायची, मग ते छिन्नीनं कापून काढायचं आणि सगळं पहिल्यापासून करायचं.

दुसरे मुकादम दहातलं एक रिव्हेट ठोकून बघत. बुधाजी दहाच्या दहा बघायचा. त्यामुळे त्याच्या टोळीत जायला लोक घाबरत, आणि एकदा गेले की तिथून निघायला त्याहून जास्त घाबरत. कारण बुधाजीच्या टोळीतला माणूस म्हटलं की गोदीत कुणी त्याचं काम पुन्हा बघत नसे.

त्याचा हा कडकपणा काही हौसेचा नव्हता. तो नवा लागला तेव्हा गोदीतल्या पाण्याच्या माठाला त्याला हात लावता येत नव्हता. कुणीतरी वरून ओतायचं आणि त्यानं ओंजळीनं प्यायचं. त्या दिवसांत त्यानं एक गोष्ट मनाशी पक्की बांधली होती. आपलं रिव्हेट गळलं तर ते एकट्या बुधाजीचं गळणार नाही, 'ही माणसं अशीच' म्हणून साऱ्यांच्या नावावर जाईल. म्हणून ते गळता कामा नये. पुढे माठाची भानगड मिटली, नागपुरात जाऊन बुधाजी बौद्ध झाला, घरातले जुने देव गेले. फुलीची सवय मात्र होती तशीच राहिली.

त्या दुपारी फोरमन हेरंब साने यांनी त्याला ऑफिसात बोलावलं. साने भला माणूस होता, फक्त फार हळू बोलायचा.

"तीन महिने झाले, बुधाजी. तुमच्या टोळीच्या कामावर एकही फुली नाही. शुक्रवारी सर्व्हेयरसाहेब जहाज तपासायला येताहेत, त्यांच्या कानावर घातलंय मी हे."

"एक पण नाय, साहेब?" ओठांकडे बघत बुधाजीनं विचारलं.

"एकही नाही."

"असं व्हतं व्हय कुटं?"

साने हसले. त्यांना तो विनय वाटला. बुधाजी खरोखरच विचारत होता. पंधरा वर्षं ज्या टोळीसाठी जिवाचं रान केलं ती टोळी आता बिनचूक झाली होती. मग त्याला आनंद व्हायला नको होता का? आनंद दूरच, पायात चप्पल उलटी घातल्यासारखं वाटत होतं. रिव्हेटं सगळी एकसारखी वाजत होती, लांबून कुठून तरी, शेजारच्या गल्लीत कुणी ठोकल्यासारखी. चांगल्या कामाचा आवाज असाच येत असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं.

आणि ही तिघं काहीतरी लपवत होती. तो जवळ गेला की बोलणं थांबायचं. डबा खायच्या सुट्टीत ऑस्वाल्ड कुठे तरी गायब व्हायचा. मंगळवारी तर सान्यांच्या ऑफिसातून तो बाहेर पडताना बुधाजीनं पाहिला. ऑस्वाल्ड बुधाजीच्या वयाचा, जन्मानं माझगावकर, चर्चच्या मागच्या घरात राहणारा. बावीस वर्षांच्या सोबतीत तो कामापुरतं बोलला असेल नसेल. त्याचं फोरमनकडे काय काम? बुधाजीच्या मनात नको ते यायला लागलं. दीक्षा घेतल्यापासून कोण काय बोलतं याकडे त्याचं बारीक लक्ष असायचं. पण रामदास आणि भिवा तर त्याच्याच चाळीतले, त्याच्याबरोबर एका गाडीनं नागपूरला गेलेले. मग हे शिजत होतं तरी काय?

घोडपदेवच्या खोलीत तो त्याच विचारात बसला होता. जाईबाई समोर येऊन उभी राहिली.

"तीनदा हाक मारली. कुटं ठेवलाव कान?"

"पोरांचा कालवा किती चाललाय बाहेर."

"पोरं कवाच निजली," जाईबाई म्हणाली आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

बुधाजीनं कानात बोट घालून हलवलं. मळ साचला असेल, म्हणाला. जाईबाईनं तेल कोमट करून घातलं. त्यानं कान तेवढा तेलकट झाला.

गुरुवारी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा होता. लालबागपासून माणसं निघणार म्हणून गोदी दोन वाजताच सुटली. भिवा या कामात सगळ्यांच्या पुढे. भायखळ्याच्या भिंतींवरच्या अर्ध्या घोषणा त्याच्या हातच्या होत्या. "दादा, तुमी व्हा पुढं, आम्ही आलोच," असं तो हातवारे करून म्हणाला आणि बुधाजी एकटाच निघाला.

मोर्चात माणूस मावत नव्हता. बुधाजीच्या आजूबाजूला हजार तोंडं एकदम उघडत होती, मुठी एकदम वर जात होत्या, आणि त्याच्यापर्यंत काय पोचत होतं तर छातीत एक घरघर. तोही मूठ वर करत होता, पण दरवेळी सगळ्यांच्या एक क्षण मागून. शेजारचा कामगार त्याच्याकडे बघून हसला. बुधाजीनं चाळीतली माणसं शोधली. रामदास दिसला नाही. भिवाही नाही. घोषणा द्यायला भिवा नाही म्हणजे झालं काय? त्यानं खिसा चाचपला आणि त्याच्या लक्षात आलं की हातोडीही गोदीतच राहिली. असं पंधरा वर्षांत झालं नव्हतं. तो गर्दीतून अंग चोरत बाहेर पडला आणि परत माझगावकडे चालू लागला.

गोदी ओस पडली होती. दरवानानं ओळखून आत सोडलं. जहाजाच्या बुडाशी, जिथे सकाळी त्याची टोळी काम करत होती, तिथे भट्टीचा धूर दिसला.

बुधाजी लाकडी ठोकळ्यांच्या आड थांबला. भिवा बुधाजीच्या हातोडीनं एकेक रिव्हेट ठोकत होता. ऑस्वाल्ड बाजूला उभा होता, डोळे मिटून, आणि त्याच रिव्हेटच्या कडेला त्यानं बोटाचं टोक टेकवलं होतं. भिवा ठोकायचा, ऑस्वाल्ड मान हलवायचा. पुढचं. पुढचं. एका रिव्हेटवर ऑस्वाल्डची मान हलली नाही. भिवानं पुन्हा ठोकलं आणि खिशातून खडू काढून फुली मारली. सकाळी त्याच रिव्हेटवर बुधाजीनं मान हलवली होती. पक्कं म्हणून.

रामदास काहीतरी बोलला. चालेल, असं म्हणाला असावा. त्यावर भिवा एवढ्या जोरात ओरडला की ते बुधाजीच्या कानापर्यंतही पोचलं.

"चालंल म्हंजे? दर्या चालंल म्हनतो काय?"

हे बुधाजीचं वाक्य होतं. शब्दन् शब्द. रामदासनं छिन्नी उचलली आणि तिघं मिळून ते रिव्हेट काढायला लागले. काढून नवं घातलं, ठोकून पाहिलं आणि भिवानं ओल्या फडक्यानं पत्र्यावरचा खडू पुसून टाकला.

तीन महिने एकही फुली का नव्हती ते बुधाजीला कळलं. आणि ऑस्वाल्ड फोरमनकडे कशाला जात होता तेही. काम उरलंय असं काहीतरी सांगून भट्टी पेटवायची परवानगी मागायला, दुसरं काय. पण कळून त्याचं डोकं ठिकाणावर येईना. त्याला रडू येत होतं. पुढे होऊन तिघांच्या मुस्काटात द्यावी असंही वाटत होतं. आणि मध्येच, कुठून कोण जाणे, अभिमानानं ऊर भरून येत होता. यातलं खरं कुठलं? तो हातोडी न घेताच परत फिरला.

घरी जावंसं वाटेना म्हणून तो भायखळ्याच्या भाजी मार्केटात शिरला. तिथे कोबीच्या पाट्यांपाशी सीताराम उभा होता. सीताराम सहा वर्षांपूर्वी त्याच्या टोळीत होता आणि बुधाजी त्याच्या हातात हातोडी देऊन त्याला तपासायला शिकवत होता. एक दिवस त्यानं एक पूर्ण रांग न ठोकताच 'पक्की' म्हणून सांगितली. बुधाजीनं ती मागाहून ठोकून पाहिली तेव्हा एकही रिव्हेट ढिलं नव्हतं. तरी सगळ्यांच्या देखत त्यानं सीतारामच्या हातातली हातोडी काढून घेतली होती. "तुला ठाव नव्हतं ती पक्की हाय म्हनून," एवढंच तो तेव्हा म्हणाला होता. सीताराम टोळीतून गेला, मग गोदीतून गेला आणि आता मार्केटात पाट्या वाहत होता.

"मुकादम!" सीतारामनं डोक्यावरची चुंबळ काढली.

सहा वर्षं मनात ठेवलेला प्रश्न बुधाजीच्या तोंडून निघून गेला. "सीताराम, माजं चुकलं का रे तवा?"

सीताराम दचकला. मग तो बोलायला लागला. बराच वेळ बोलला. मध्येच हात पसरले, मध्येच खाली बघितलं, एकदा हसला. भोवती भाजीवाल्यांचा गलका होता. बुधाजी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता, पण त्यातलं एक अक्षर त्याला लागलं नाही. पुन्हा सांग, असं म्हणायचं धाडस त्याला होईना. शेवटी त्यानं मान हलवली. सीतारामनंही हलवली, पाटी उचलली आणि तो गेला. त्यानं माफ केलं की शिव्या घातल्या, ते बुधाजीला आयुष्यभर कळलं नाही.

घरी आल्यावर त्यानं ऑस्वाल्डसारखं पितळी हंड्याला बोट लावलं आणि जाईबाईला पळी मारायला सांगितली. मुकादम व्हायच्या आधी त्यानं आठ वर्षं भट्टीवर काढली होती. बोटांची टोकं भाजून भाजून खुरासारखी झाली होती.

"लागतंय काय?" तिनं खुणेनं विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला.

मग जाईबाई त्याच्याजवळ बसली आणि बराच वेळ तिनं त्याचा हात हातात धरून ठेवला.

शुक्रवारी सर्व्हेयरसाहेब आले. म्हातारा, तापट, स्वतःची हातोडी बाळगणारा माणूस. त्याची एक पद्धत होती. काम बघण्याआधी तो मुकादमाला एकच प्रश्न विचारायचा, तुम्ही तपासलं का? मुकादम 'हो' म्हणायचा, मग साहेब मनाला येतील ती दहा-पंधरा रिव्हेटं ठोकायचा. 'हो' म्हणणारा एकदा खोटा ठरला की तो पुन्हा मुकादम म्हणून उभा राहत नसे. बुधाजीनं हे 'हो' इतक्या वर्षांत कितीदा म्हटलं असेल! त्याची सगळी इज्जत त्या एका अक्षरात होती.

टोळी रांगेत उभी होती. साने खुशीत होते. साहेबानं प्रश्न विचारला. तो ऐकायची गरजच नव्हती.

बुधाजीनं तिघांकडे पाहिलं. भिवाची नजर म्हणत होती, म्हणा हो. सगळं पक्कंच तर होतं. सीतारामची रांगही पक्कीच होती.

"नाय साहेब," बुधाजी म्हणाला. "ठोकलं मी, पन मला ऐकू येत नाय. माजे कान गेले. तपासलंय ते या भिवानं आन् ऑस्वाल्डनं."

सान्यांचा चेहरा उतरला. साहेबानं बुधाजीकडे क्षणभर रोखून पाहिलं आणि कोट काढून सान्यांच्या हातात दिला. मग दहा-पंधरा नाही, सगळीच्या सगळी रिव्हेटं त्यानं स्वतः ठोकली. अडीच तास लागले. एकही ढिलं निघालं नाही. कागदावर सही करून तो निघून गेला.

"सगळं पक्कं होतं," साने बुधाजीच्या कानाशी येऊन म्हणाले, पहिल्यांदाच मोठ्यानं. "मग हो म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? आता मी तुमच्या हातात खडू कसा ठेवू?"

"नका ठिवू," बुधाजी म्हणाला.

भिवाला मात्र राहवलं नाही. त्याचे डोळे लाल झाले होते. तो बुधाजीच्या समोर येऊन ओरडला, "तीन म्हयने आम्ही झक मारली काय, दादा? मोर्चा सोडून हितं राबलो. तुमचीच लाज राकली ना?"

"तुला कोनी सांगितली राकायला?" बुधाजीही ओरडला. मग त्याचा आवाज खाली आला. "पन काम बेस केलंव रे. लई बेस."

भिवा गोंधळला. शाबासकी मिळाली की बोलणी बसली, हे त्याला उमगेना, आणि खरं सांगायचं तर बुधाजीलाही नक्की सांगता आलं नसतं.

सगळे पांगल्यावर ऑस्वाल्ड त्याच्याजवळ ठोकळ्यावर येऊन बसला. त्यानं स्वतःच्या कानाला हात लावला आणि तोच हात हवेत झटकला.

"काय?" बुधाजी म्हणाला.

"माजे पण गेले, मॅन," ऑस्वाल्ड तोंड मोठं करून एकेक शब्द सुटा बोलला. "धा वर्सं झाली. आत बसून जास्ती लवकर जातात."

प्रत्येक रिव्हेटची खोट पकडणारा बुधाजी, आणि दहा वर्षं शेजारी बसणारा माणूस बहिरा आहे हे त्याला दिसलं नव्हतं. कामापुरतंच बोलतो म्हणून उलट कौतुक करत होता.

"धा वर्सं? मंग बोलला का नाय?"

"बोललो असतो तर तू काढला असता मला. सीतारामला काढला तसा."

बुधाजीनं नाही म्हणायला तोंड उघडलं. मग त्यानं खरोखरच विचार केला. "काढला असता," तो म्हणाला.

"ठाऊक हाय," ऑस्वाल्ड म्हणाला आणि हसू लागला. थोड्या वेळानं बुधाजीही हसला. दोन बहिरी माणसं रिकाम्या गोदीत हसत बसली होती आणि आपण किती मोठ्यानं हसतोय याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

सोमवारी टोळी बदलली. खडू भिवाकडे गेला. भिवाची गन रामदासनं घेतली. ऑस्वाल्ड आपल्या जागी, जहाजाच्या पोटात. आणि बुधाजी, जिथून त्यानं सुरुवात केली होती तिथे, भट्टीवर. तिथे कानांचं काम नसतं, डोळे लागतात. पगार कमी झाला होता. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. भट्टीपाशी उभं राहिल्यावर रिकामा खिसा मात्र सारखा जाणवत होता.

पंधरा वर्षांनी हातात सांडशी आली होती. पहिली काही रिव्हेटं बरी गेली. एक जरा आधीच काढलं गेलं. रंग अजून पुरता चढला नव्हता, ते हातातून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तोवर रामदासची गन चालू झाली होती.

रांग पुरी झाली आणि भिवा हातोडी घेऊन पुढे आला. बुधाजी भट्टीवरून बघत राहिला. पहिलं ठोकलं, पुढे गेला. दुसरं. तिसरं. त्या एका रिव्हेटवर भिवा थांबला. त्यानं पुन्हा ठोकलं. मग मान न वळवता, फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यानं भट्टीकडे पाहिलं.

भिवाचा हात खिशाशी गेला आणि तिथेच राहिला. एक रिव्हेट, शंभरातलं. कुणाला कळणार होतं? दादाचं पहिल्या दिवसाचं काम. बुधाजीला भिवाचा सगळा विचार लांबून दिसत होता, आणि तो मनातल्या मनात म्हणत होता, नको रे, सोडू नको. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, त्याला वाटत होतं की सोडलं तर बरं.

भिवानं खडू काढला आणि फुली मारली. मग तो पाठ करून उभा राहिला.

बुधाजीनं सांडशी खाली ठेवली आणि छिन्नी घेऊन तो जहाजाशी गेला. रामदास घाईनं पुढे झाला, पण बुधाजीनं त्याला हातानं बाजूला केलं. फुली त्यानं जवळून पाहिली. उजवीकडची रेघ जरा लांब होती. तो काढायचा तशीच.

त्यानं रिव्हेट कापून काढलं, भोक साफ केलं आणि तो भट्टीवर परत आला. नवं रिव्हेट निखाऱ्यांत ठेवलं. या वेळी घाई केली नाही. रंग चढेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.